एकमेव प्रत

सोमवार, ५ फेब्रुवारी

सगळं बदललं ते आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. ग्रंथपाल सरांनी टेबलावरून एक चावी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, उद्यापासून नऊच्या ठोक्याला. नोकरी! आणि मला! ताई कालपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, की आमच्या धाकट्याने कॉलेज सोडलं नाही, कॉलेजनेच त्याच्यापुढे हात जोडले. फोनवर तिचा आधी विश्वासच बसेना. मग म्हणाली, निदान दोन महिने कुणाशी भांडू नकोस बाबा. मागून भाऊजी ओरडले, की दोन महिने फार होतात, दोन आठवडे धरा.

काम माझ्या हातचं आहे. इथे पुस्तकांच्या नोंदी आणि मागण्या सांभाळणारं एक सॉफ्टवेअर आहे. कुणीतरी बसवून गेलं आणि परत फिरकलं नाही. ते इथल्या कामाच्या मापाने बेतून द्यायचं. दीड वर्षाच्या कॉलेजात मी तेवढंच मन लावून शिकलो, बाकी सगळं एका प्राध्यापकांच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो.

पुढे वाचनाची मोठी खोली, मागे नोंदणीची लहान खोली, तिच्याही मागे लोखंडी कपाटांची साठ्याची खोली. मी मधल्या खोलीत. समोरच्या टेबलाला काकू. सगळे त्यांना काकूच म्हणतात. सव्वीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी करतायत. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, बरं झालं, पंखा पुसायला उंच माणूस हवाच होता.

ही वही इथल्याच खणात ठेवणार. घरी ठेवली तर ताई जेवताना भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवेल.

आणि मुख्य म्हणजे बुटकीला कळवलं. ती अजून त्याच कॉलेजात आहे, बसने चार तासांवर. मी कॉलेज सोडलं त्या दिवशी तिने अट घातली होती, की तीन महिने एका जागी टिकून दाखव, मग पुढचं बोलू. आज म्हणाली, घड्याळ लावलंय. उंची सांगताना ही बाई अर्धा सेंटिमीटर सोडत नाही. एकशे सत्तावन्न पूर्णांक पाच. मी नुसतं एकशे सत्तावन्न म्हटलं, की फोन ठेवते. आजही ठेवला.

पाच मे. आहे काय त्यात!

गुरुवार, ८ फेब्रुवारी

तीन दिवस नुसता बघत बसलो. इथली तऱ्हा अशी: वाचकाला हवं ते पुस्तक नसलं की तो चिठ्ठी भरतो. काकू ती तालिकेशी ताडतात, मग रजिस्टरशी, मग परत तालिकेशी, कारण रजिस्टरवर त्यांचा भरवसा नाही. मग चिठ्ठी त्यांच्या टेबलावरच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये जाते आणि तीन दिवस तिथेच पडते. का, तर मुरू दे म्हणतात. तिसऱ्या दिवशी चष्मा पुसून सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा वाचायच्या, काही सरांच्या सहीला पाठवायच्या आणि काही चक्क फाडायच्या. कोणत्या फाडायच्या हे कुठल्याही नियमात नाही. विचारलं तर म्हणाल्या, वाचल्यावर कळतं.

मागितल्यापासून पुस्तक कपाटात लागेपर्यंत सरासरी एकोणतीस दिवस! मी मोठ्या कागदावर सगळ्या पायऱ्या काढल्या. चौदा भरल्या. त्यातल्या नऊ उडवता येतील.

काकू दुपारी आमच्यात जेवायला बसत नाहीत. डबा घेऊन साठ्याच्या खोलीत जातात आणि दार लोटून घेतात. शिपाईमामा म्हणाले, पुस्तकांना भरवतात. सगळे हसले. मीही हसलो.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

झालं! नवी मांडणी आज सुरू केली.

आता चिठ्ठी नाही. वाचकाने संगणकावर शोध घेतला आणि काही सापडलं नाही, की त्या शोधाचीच आपोआप मागणी होते. सही नाही, वाट बघणं नाही. पार्सल आलं की शिपाईमामांनी दारातच त्यावरची पट्टी स्कॅन करायची, त्याच क्षणी दाखल क्रमांक पडतो आणि पुस्तक ग्रंथालयाचं होतं. सरांची एक अट होती. कपाटात जागा नाही, तेव्हा एका पुस्तकाची एकच प्रत. तसा नियम घातला. नोंद एक, प्रत एक. दुसरी कुठे आढळली तर ती बाद. एकमेव प्रत घरी न्यायला द्यायची नाही, इथेच बसून वाचायची, हा इथला जुना नियम. तोही आत बसवला.

काकूंशी वाजलं. ट्रेवरून. त्यांचं म्हणणं, माणूस डोकं तापलं असताना काय वाटेल ते मागतो, तीन दिवसांनी त्याचं त्यालाच नको असतं, तेवढी सवड राहू दे. मी म्हटलं, या सवडीनेच हे ग्रंथालय सव्वीस वर्षं मागे पडलंय. माझा आवाज जरा चढला. जरा म्हणजे वाचनाच्या खोलीतल्या दोघांनी मान वर केली. ट्रे उचलून मी कपाटाच्या माथ्यावर टाकला.

त्या चिडल्या नाहीत. एवढंच विचारलं, मागणी मागे घ्यायची सोय ठेवलीस का? ठेवली नाही. तीसुद्धा एक पायरीच होती.

बुधवार, २१ फेब्रुवारी

समोरच्या गल्लीतले शिंपी मास्तर गेल्या आठवड्यात गंमत म्हणून संगणकावर बसले. त्यांना शिवण शिकवणाऱ्या गुरूंची मापांची एक हस्तलिखित वही होती. घर बदलताना हरवली, त्यालाही चाळीस वर्षं झाली. मास्तरांनी गुरूंचं नाव टाकून शोधली. अर्थात सापडली नाही. सापडली नाही म्हणून मागणी गेली.

आणि काल वही आली! तीच. गुरूंचं अक्षर, कोपऱ्यावर खडूच्या बोटांचे ठसे. मास्तर इथेच खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले. सरांनी माझी पाठ थोपटली, पुरवठादारही आता जागा झाला म्हणाले. मी जमिनीपासून दोन बोटं वर चालतोय. काकूंनी वही हातात घेतली नाही.

आज मास्तर परत आले. गुरूंच्या वहीतल्या दोन पानांची झेरॉक्स त्यांनी घरी जपून ठेवली होती, ती सकाळी बघतात तर कोरी. शाई स्वस्तातली असणार, म्हणाले, आणि हसले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. कोऱ्या पानांचा दोष आता माझ्या माथी मारणार की काय!

मंगळवार, २७ फेब्रुवारी

बुटकीशी भांडलो. तिचा वर्ग आठ दिवस सहलीला चाललाय आणि तिच्या मागेपुढे करणारा तो वर्गातला गिटारवाला पण त्यात आहे. मी एवढंच विचारलं, की बसमध्ये तो कुठे बसणार. ती म्हणाली, भडकू, तुझ्या मानेवर डोकं आहे की शेगडी? मग मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. तिने फोन ठेवला. मी पुन्हा केला. तिने उचलला नाही. सात वेळा.

जेवणाच्या सुट्टीत खोलीत एकटाच होतो. समोर शोधाची चौकट उघडी होती. तिचं पूर्ण नाव टाकलं, आडनावासकट. का, ते सांगता येणार नाही. कुठेतरी ते लिहिलेलं बघावंसं वाटलं. एंटर दाबलं. एकही नोंद सापडली नाही.

हसू आलं. बरोबर आहे, मलाही सापडत नाहीये.

खाली बारीक अक्षरात ओळ आली, की मागणी नोंदवली. मीच लिहिलेली ओळ. खिडकी बंद केली आणि डबा खाल्ला.

बुधवार, २८ फेब्रुवारी

कुणीतरी माझी चेष्टा करतंय.

सकाळी मागण्यांची यादी उघडली, तर तिच्या नावाची नोंद पूर्ण भरलेली. आम्ही नोंदीत पुस्तकाची पानं लिहितो, उंची लिहितो, काही फाटलं-बिटलं असेल तर तेही लिहितो. पुस्तकाची उंची असते बावीस सेंटिमीटर, चोवीस, फार तर तीस. इथे लिहिलंय, भाग एकवीस. उंची १५७.५ सेंटिमीटर. बांधणी बारीक. डाव्या कोपरावर सहा टाक्यांची जुनी खूण. स्थिती: मागवले.

ते टाके ती सायकलवरून पडली तेव्हाचे. ते इथे कुणालाही माहीत नाहीत. अर्धा सेंटिमीटर तर नाहीच नाही.

तरीही जाऊन काकूंवरच ओरडलो. त्यांनी नोंद वाचली, चष्मा काढला, आणि ही मुलगी कोण असं हळूच विचारलं. मी सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या.

दुपारी बुटकीनेच फोन केला. राग गेला होता. म्हणाली, गंमत ऐक, आज हजेरीत माझा नंबरच घेतला नाही. मी हजर म्हणून ओरडले, तर प्राध्यापकांनी सगळीकडे पाहिलं आणि पुढचा नंबर घेतला. तुझ्यासारखं टेबलावर काही आपटायला हवं होतं, म्हणाली. मी हसलो. तिला नोंदीचं सांगितलं नाही.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

मागणी रद्द होत नाही. रद्द करायचं बटणच नाही, मी ठेवलंच नाही. नवं बटण बनवलं. दाबलं. उत्तर आलं, मागणी पुरवठादाराकडे गेली आहे. आतली ओळ पुसली, ती परत आली. सगळं बंद करून चालू केलं. सगळ्यात आधी तीच ओळ उघडली.

पुरवठादाराच्या दुकानात फोन लावला. तिथला माणूस खवचट निघाला. म्हणाला, तुमच्या त्या नव्या हुशार पोराने सगळं आपोआप केल्यापासून आमच्याकडे एकही मागणी आलेली नाही, आम्हाला वाटलं तुम्ही वाचणं सोडलंत. मी विचारलं, मग मापांची वही कुणी पाठवली? तो म्हणाला, कसली वही?

स्थिती: पाठवले.

शुक्रवार, १ मार्च

तीन वेळा बोललो तिच्याशी. दर वेळी आवाज आणखी लांबून. खोलीतल्या मैत्रिणीने तिच्या कॉटवर बॅगा रचून ठेवल्या, हिने उचलायला सांगितल्या तर ती दचकली, तू कोणाकडे आलीस म्हणाली. सहलीच्या यादीत तिचं नाव नाही. मेसमध्ये तिच्या नावाचं ताट नाही. तरी ती हसण्यावारी नेत होती, सगळ्यांनी मिळून माझी टांग खेचलीय म्हणत होती. मग आईला फोन केला म्हणाली.  आईने विचारलं, कोण बोलतंय?

मग मी सगळं सांगितलं. शोध, मागणी, नोंद.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, तूच केलंयस ना, मग तूच काढ. तुला येतं ना हे सगळं.

सोमवार, ४ मार्च

काल तिच्या कॉलेजात जाऊन आलो. तिचा फोन नंबर आता अस्तित्वात नाही. वसतिगृहात तिची खोली दोघींची आहे, आधीपासूनच दोघींची आहे म्हणाल्या. तिसरी कॉट होती त्या भिंतीवर पोपडेसुद्धा जुने. बाहेर झाडाखाली उभा राहून तिच्या नावाने ओरडत सुटलो. पहारेकऱ्याने दंड धरून फाटकाबाहेर काढलं.

परतीच्या बसमध्ये दोनदा विसरलो, की मी कुठून येतोय.

स्थिती: प्रवासात.

मंगळवार, ५ मार्च

आठपासून दारात उभा होतो. काकूंनी सांगितलं होतं, स्कॅन होऊ देऊ नकोस. नोंदलं गेलं नाही तोवर ते आपलं नाही. पार्सल परत पाठवायचं, एवढंच करायचं होतं.

साडेअकराला सरांनी आत बोलावलं. मी म्हटलं, नंतर येतो. ते म्हणाले, आत्ता. वार्षिक अहवालात घालायला दोन आकडे हवे होते. दोन मिनिटं. फार तर तीन.

बाहेर आलो तर शिपाईमामा हसत उभे. तू शिकवलंस तस्सं केलं म्हणाले, दारातच, पट्टी खाली धरून, एका झटक्यात.

दाखल क्रमांक ४१३०६. स्थिती: दाखल. प्रत: एकमेव.

तपकिरी कागदातलं पार्सल. वजन पुस्तकाचं. पण कोमट.

बुधवार, ६ मार्च

काल संध्याकाळी घरी मजेत जेवलो. भाऊजींशी पत्ते खेळलो. ताई म्हणाली, आठवडाभराने तुझा चेहरा माणसासारखा दिसतोय. मलाही हलकं वाटत होतं. झोप छान लागली.

सकाळी ग्रंथालयाच्या पायऱ्या चढलो, दारातून आत पाऊल टाकलं — आणि ती आठवली. सगळी. एकदम. खांबाला धरून उभा राहिलो.

म्हणजे बाहेर ती उरलेली नाही. माझ्यातसुद्धा नाही.

नोंद एक. प्रत एक. दुसरी कुठे आढळली तर बाद. माझेच शब्द.

गुरुवार, ७ मार्च

उघडलं. राखाडी कापडी बांधणी. एकवीस भाग, दर वर्षाचा एक. सायकल आहे. टाके आहेत. कॉलेजचा पहिला दिवस आहे, आणि एक उंच मुलगा वर्गाच्या दारात कुणाशी तरी हुज्जत घालतोय, तो आवडला, असं लिहिलंय. मला तिने हे कधीच सांगितलं नव्हतं.

शेवटच्या पानावर लिहिलंय, की अंधार आहे. कागदाचा वास आहे. हात हलत नाहीत. कुणीतरी आत्ता पान उलटलं.

मी ते पान उघडं ठेवून बसलो. बऱ्याच वेळाने खाली एक ओळ उमटली.

भडकू, उजेड आला. तू आहेस का?

मी पेन्सिलीने समासात लिहिलं, आहे. लिहिलेलं कागदात मुरून गेलं. पोचलं की नाही, माहीत नाही.

शुक्रवार, ८ मार्च

घरी देता येत नाही. एकमेव प्रत. माझ्याच नावावर काढून पाहिलं. नाही. नियम काढून टाकला, तर तो परत आला. दुसरी प्रत मागवून पाहिली, तर ती मागणी आपोआप बाद.

मग शर्टाच्या आत घालून बाहेर पडलो. सरळ. दारातून. पायरीवर उभं राहून उघडलं — कोरं. पहिल्या पानापासून कोरं होत चाललेलं. आणि मला कळेना, हे कोरं पुस्तक घेऊन मी का उभा आहे. परत का वळलो, तेही कळलं नाही. काकू आतून हाका मारत होत्या, म्हणून असेल.

आत आल्यावर अक्षरं आली. हळूहळू. सगळी नाही. तिसरा भाग गेला. चौथा गेला. तिला बोलायला कुणी शिकवलं, ते त्यात होतं.

शेवटच्या पानावर — काहीतरी काढून नेलं. थंड वाटतंय. तू आहेस का?

शनिवार, ९ मार्च

काकूंनी आज मला डबा घेऊन आत बोलावलं. चौथी रांग, खालून दुसरा कप्पा. निळ्या बांधणीचं जाड पुस्तक. त्यांचा धाकटा भाऊ.

काकूंच्या नोकरीचं पहिलं वर्ष. घरात कसल्याशा गोष्टीवरून कडाक्याचं भांडण झालं, भाऊ रागाने निघून गेला. यांनी वेड्यासारखी त्याच्या नावाची चिठ्ठी भरून सहीच्या गठ्ठ्यात सरकवली. सरही वाचून सही करतात थोडीच. आठव्या दिवशी पार्सल आलं. तेव्हापासून ट्रे. तेव्हापासून त्या रोज दुपारी त्याला एक पान उघडून देतात, घास खाता खाता बोलतात.

त्या म्हणाल्या, रोज सकाळी नऊला मला भाऊ असतो आणि रोज संध्याकाळी सहाला नसतो. बाहेर गेल्यावर मी एकुलती एक.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, तू ऐकलं असतंस?

काढता येतं का, विचारलं. त्यांनी निळं पुस्तक पदराने पुसलं आणि जागेवर ठेवलं. त्यांची निवृत्ती पुढच्या वर्षी आहे.

ठीक आहे. मीही असाच राहीन. रोज येईन. नऊच्या ठोक्याला. कुणाशी भांडणार नाही. म्हातारा होईपर्यंत इथे टिकेन. एवढं तर जमेल.

सोमवार, ११ मार्च

नाही जमलं.

सर आले. वार्षिक अहवालावर वरून शाबासकी आलीय, म्हणाले. आता शोधाची सोय घराघरांतून द्यायची, प्रत्येकाच्या फोनवर. कुणीही काहीही शोधावं, नाही सापडलं की आपोआप —

मी हात जोडले. सांगायला गेलो. आधी नीट सांगितलं. ते हसले. मुलीचं नाव काय म्हणे, दाखव बघू आम्हालाही. शिपाईमामापण हसले. मग — मला आठवत नाही. त्यांचा संगणक जमिनीवर होता. काच. माझ्या हाताला रक्त. सरांची कॉलर माझ्या मुठीत.

काकूंनी सोडवलं.

एक फुटल्याने काही होत नाही. सगळं दुसरीकडेही जपलेलं आहे. ते मीच केलं होतं.

उद्या पाचला चावी द्यायची. पुन्हा पाऊल टाकलं तर पोलीस.

मंगळवार, १२ मार्च

दहा वाजता. आत येऊ दिलं. सामान आवरायला. शिपाईमामा दाराशी.

वाचक म्हणून येईन म्हटलं — पण का यायचं, ते बाहेर आठवणार नाही. ही वही नेऊन पाहिली पायरीपर्यंत. अक्षर माझं. गोष्ट कुणाची तरी. छान लिहिलीय असं वाटलं. छान!

हातावर तिचं नाव लिहिलं. पायरीवर पुसलं गेलं.

दोन वाजता. तिला सांगितलं. समासात. मोठ्या अक्षरात. मी जातोय. काकू आहेत. रोज पान उघडतील. घाबरू नकोस.

 मग —

किती दिवस?

मी लिहिलं — थोडे.

खोटं लिहिलं.

साडेचार. तिने लिहिलं, तीन महिने झाले का? तिला तिथे दिवस कळत नाहीत. मी लिहिलं, झाले. टिकलो. तिने लिहिलं, बघ, मी म्हटलं नव्हतं? आता पुढचं बोलू या. बोल ना.

बोल ना.

भडकू, बोल —

काकूंनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. हळूच. चौथी रांग. भावाच्या शेजारी.

पाच. मामा हाक मारतायत. चावी दिली. वही हातात आहे. चालता चालता लिहितोय. वाचनाची खोली. शिंपी मास्तर मान खाली घालून गुरूंची वही वाचतायत. दार. उंबऱ्याच्या आत उजवा पाय अजून. इथपर्यंत ती आहे. हसते तेव्हा डोळे बारीक होतात. एकशे सत्तावन्न पूर्णांक पाच. पूर्णांक पाच. नाव — नाव आहे अजून, ओठांवर आहे, म्हणतोय, म्हणत म्हणतच बाहेर —

दार ओढलं. लागलं.

ऊन छान पडलंय. नोकरी गेली, ताई बोलणार. भूक लागलीय. हाताला पट्टी कसली? आणि तोंड सगळं ओलं का झालंय, एवढं रडण्यासारखं काय, मी कुणाला तरी आत —